जमादार आणि लाल ठिपका

शेजारी कसा मिळावा हे आपल्या हातात नसतं. मला पिस्तूलवाला मिळाला.

कोल्हापुरात, कळंब्याच्या रस्त्याला मी घर घेतलं त्या दिवसाची गोष्ट. टेम्पोतून सामान उतरत होतं, हमालांवर ओरडून ओरडून माझा घसा बसला होता आणि कपाट काही केल्या दारातून आत जात नव्हतं. तेवढ्यात एक उंच, वाळका म्हातारा फाटकाशी येऊन उभा राहिला. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, पायात पोलिसी तपकिरी बूट.

"पावणं, तुमची आमची मधली भिंत एक हाय," तो म्हणाला. "रोज सकाळी सात ते साडेसात टिक-टिक ऐकू यील. पिस्तुलाचा आवाज हाय. रिकाम्या पिस्तुलाचा. भ्यायचं कारण न्हाय."

एवढं बोलून तो वळून गेलासुद्धा. मी टेम्पोवाल्याला म्हटलं, बाबा रे, सामान परत भर. तो हसला. मी थट्टा करत नव्हते.

तर हे आमचे जमादार. नाव शामराव चौगुले, पण त्या नावानं त्यांना फक्त लाइटबिल ओळखायचं. पोलिसात उभी नोकरी काढली, त्यातली बरीचशी वर्षं नव्या भरतीला पिस्तूल शिकवण्यात. निवृत्तीनंतर नेमबाजीच्या एका रेंजवर शिकवायला जायचे, आणि कुणी फारच मागे लागलं तर घरी. घरात ते आणि शांताकाकी. मुलगी लग्न होऊन पुण्याला. माझ्याबद्दल सांगायचं तर मी हायस्कुलात गणित शिकवते. शिकवते म्हणजे काय, पेपर तपासते, निवडणुकीची ड्युटी करते, आणि उरलेल्या वेळात फळ्यावर काहीतरी लिहिते. बंदुकीचा मला पहिल्यापासून तिटकारा. एवढं माझ्याबद्दल पुरे.

निवृत्त माणसाच्या घरी पिस्तूल कशाला, हे मी त्यांना तोंडावर विचारलं होतं. नोकरीत असताना त्यांनी एका गुंडाविरुद्ध साक्ष दिली. त्यानं भर कोर्टात सांगितलं, "सुटलो की तुझ्या दारात येतो." त्यावरून लायसन मिळालं आणि बत्तीस बोरचं पिस्तूल घरात आलं. गंमत म्हणजे तो गुंड कळंब्याच्या जेलात, आणि यांनी घर बांधलं ते जेलपासून हाकेच्या अंतरावर. "जवळ असल्यालं बरं," जमादार म्हणायचे. "सुटला तर त्येला लांबचा हेलपाटा नको." तो सुटलाच नाही, आत असतानाच मेला. त्यालाही आता बरीच वर्षं झाली. पण सकाळचा सराव झाला की पिस्तुलात गोळ्या भरलेलं मॅगझीन बसवायचं आणि मग ते कपाटात ठेवायचं, हा रिवाज काही थांबला नाही. काकी विचारायच्या, "आता कुणासाठी भरून ठेवतायसा?" त्यावर यांचं उत्तर ठरलेलं, "हाताला सवय हाय."

सराव कसला, तर रिकामं पिस्तूल समोरच्या भिंतीवरच्या कागदावर रोखायचं, अर्धा श्वास सोडायचा, चाप दाबायचा. टिक. वरचा भाग मागे ओढून परत कॉक करायचं. परत टिक. असं अर्धा तास, बिनसुट्टीचं, दिवाळीलासुद्धा. मला वाटायचं, हा काय वेडेपणा आहे. एकदा म्हटलं, "जमादार, गोळीच नाही तर शिकायचं काय त्यात?"

"गोळीनं कोण शिकतंय?" ते म्हणाले. "गोळी आवाज करती. माणूस दचकतंय आनि त्या दणक्यात आपली चूक झाकून जाती. रिकाम्यात चूक झाकायला जागा न्हाय."

पण या रिकामेपणाचं त्यांनी जे अवडंबर माजवलं होतं ते बघण्यासारखं होतं. सगळ्या गोळ्या आधी खोलीबाहेर जायच्या. डबा काकींच्या ताब्यात, स्वयंपाकघरात. मग मॅगझीन काढलेलं पिस्तूल उघडून ते काकींपुढे धरायचे. काकी कणकेचे हात पदराला पुसून यायच्या, गोळी बसते त्या भोकात करंगळी घालायच्या आणि मोठ्यानं म्हणायच्या, "रिकामं." ते झाल्याशिवाय पहिली टिक नाही. स्वतः दहा वेळा बघितलेलं असलं तरी दुसऱ्याचं बोट पाहिजेच. "आपल्या डोळ्याला जे बगायचं असतंय त्येच दिसतंय," असं त्यांचं म्हणणं.

एकदा काकी कबनूरला भाचीच्या बारशाला गेल्या होत्या. मी सकाळी सकाळी सहामाहीचे पेपर घेऊन बसलेली, डोकं आधीच फिरलेलं, आणि हे दारात. हातात फडक्यावर ठेवलेलं पिस्तूल, जसा काही प्रसादच आणलाय.

"बोट घाला."

"कशात?"

"हितं. करंगळी."

"जमादार, माझ्याकडे चाळीस पेपर पडलेत. एक दिवस नाही केलं तर काय आभाळ कोसळतंय?"

त्यांनी फडकं आणखी पुढे केलं. मी घातली करंगळी. गार, तेलकट भोक.

"आता म्हणा."

"काय म्हणू?"

"रिकामं म्हणा. मोठ्यानं."

"अहो, मी गणिताची बाई आहे!"

"म्हणूनच आलो की. शून्य वळखायला तुमच्यापरास कोण हाय गल्लीत?"

मी "रिकामं" असं ओरडले. पलीकडच्या घरातल्या बाईनं खिडकीतून डोकं काढून बघितलं. त्या दिवशीपासून काकी गावाला गेल्या की हे काम माझ्याकडे आलं. मी चरफडत करत राहिले.

शिकायला येणाऱ्यांचे हाल तर विचारू नका. पहिला महिनाभर पिस्तूल हातात नाही. पाण्यानं काठोकाठ भरलेला तांब्या एका हातात, हात खांद्याच्या रेषेत, आणि थेंब सांडायचा नाही. एकदा एक जाड सोन्याच्या साखळीवाले गृहस्थ पांढऱ्या गाडीतून आले. नवं लायसन, नवं पिस्तूल. जमादारांनी विचारलं, "कशाला शिकायचंय?" ते म्हणाले, "तसं काय न्हाय सर, पोराचं लगीन हाय. वरातीत दोन बार काढीन म्हणतो." जमादारांनी आत जाऊन तांब्या भरून आणला आणि त्यांच्या हातात दिला. पाच मिनिटांत साखळीवाल्यांचा शर्ट ओला, दहा मिनिटांत चेहरा ओला. "वरातीत ह्योच घेऊन नाचा," जमादार म्हणाले. "कोण मरणार न्हाय." गाडी गेली ती परत आली नाही. काकी आतून म्हणाल्या, "तांब्या तेवढा ठेवून घेतलासा न्हवं?"

आणखी एक त्यांचा नियम. सराव झाला की ते मोठ्यानं "संपलं" म्हणायचे. एकदा "संपलं" म्हटलं की संपलं. मग पिस्तूल भिंतीकडे वर उचलायचं नाही, म्हणजे नाही. "अजून एकच" हे शब्द त्या घरात कुणी काढायचे नाहीत. सरावाला आलेल्या पोरीनं काढले तर तिला दुसऱ्या दिवशी सुट्टी. जेवतानाही तेच. "संपलं" म्हटल्यावर काकींनी अर्धी भाकरी पुढे केली तर ताटावरून उठायचे. काकी वैतागायच्या, "भाकरीला कुठली आलीय गोळी?"

याच्यामागे एक गोष्ट होती. नोकरीत त्यांचा एक जोडीदार होता, त्यांच्यापेक्षाही चांगला नेमबाज. रिकामा सराव झाला, त्यानं पिस्तूल भरलं, आणि मनात आलं, अजून एकदा बघू. रिकाम्याची धुंदी हातातून गेलेली नव्हती. गोळी स्वतःच्या मांडीतून गेली. "अडाणी माणसाकडनं ह्यो घोळ हुत न्हाय, बाई," जमादार मला म्हणाले होते. "अडाणी पिस्तुलाला भितोय. ह्यो घोळ रोज सराव करणाराच करतोय."

मी तेव्हा पेपरांची बेरीज करत होते. हूं हूं म्हटलं.

अश्विनी त्यांच्याकडे यायला लागली त्याला आता दोन वर्षं होतील. पन्हाळ्याकडची पोरगी, पोलीस शिपाई. पोलिसांच्या नेमबाजीच्या संघात जागा मिळवायची एवढं एकच तिच्या डोक्यात. ड्युटीवरचं पिस्तूल काही घरी आणता येत नाही, म्हणून तिनं एक प्लास्टिकचं आणलं. नारंगी तोंडाचं. चाप दाबला की त्यातून लेझरचा लाल ठिपका क्षणभर भिंतीवर पडायचा. समोर स्टँडला मोबाइल लावायचा, तो कागदावर नजर ठेवायचा आणि कुठे लागलं ते दाखवून इंग्रजीत गुण सांगायचा. नाइन. एट. टेन.

"जत्रंतलं खेळणं हाय," जमादार म्हणाले.

"सर, एकदा करून तर बघा की."

त्यांनी केलं. मोबाइल म्हणाला, सेव्हन. जमादारांनी मोबाइलकडे असं बघितलं, जसं काही एखाद्या भरतीतल्या पोरानं उलट उत्तर दिलंय. "चालत न्हाय ह्ये," ते म्हणाले. परत केलं. परत सेव्हन. संध्याकाळी कट्ट्यावर मला म्हणाले, "बाई, इतकी वरसं मी त्या भितीला टिक-टिक इचारतोय. कवा उत्तर दिलं न्हाई. आज एकदम बोलली. खाली लागतंय म्हणाली. आनि खरं हाय, मनगट पडतंय माजं."

तोपर्यंत मी त्यांना म्हातारा म्हणून कधी बघितलंच नव्हतं. त्या संध्याकाळी बघितलं.

मग मुलीनं पुण्याहून त्यांना एक पितळी नळी पाठवली. दिसायला हुबेहूब गोळी. ती त्यांच्याच पिस्तुलात गोळीच्या जागी बसायची, आणि चाप दाबला की त्यातून तसाच लाल ठिपका. आता आपल्या हातातलं, आपल्या वजनाचं पिस्तूल, आणि भिंत बोलणारी. म्हातारा खुळावला. काकींची करंगळी चालूच होती, फक्त आत खरी गोळी नाही, ही नळीच आहे, हे बघून त्या आता "रिकामं"ऐवजी "खोटी" म्हणायच्या. दहा नेमांचा डाव, शंभर गुण. ब्याण्णव. चौऱ्याण्णव. मला भाजी आणायला जाताना गाठून सांगायचे, "आज पंच्याण्णव." मी म्हणायचे, "माझ्या वर्गात घाला नाव." पोरासारखे हसायचे. सत्तरीच्या माणसाला आनंदात बघणं बरं वाटतं, हे कबूल केलं पाहिजे.

एक बदल मात्र झाला, तो मला दिसला आणि मी काही बोलले नाही. आधी त्यांचा कागद मागच्या दगडी भिंतीवर असायचा. त्या भिंतीपलीकडे परडं, म्हणजे मागचं परस, मग बांध, मग ऊस. पण त्या भिंतीवर सकाळचं ऊन यायचं आणि उन्हात मोबाइलला ठिपका दिसायचा नाही. म्हणून कागद बाजूच्या सावलीत आला. ती बाजू म्हणजे मुलगी शाळेत असताना घातलेलं प्लायवूडचं पार्टिशन. त्याच्या पलीकडे स्वयंपाकघर. लाल ठिपक्याला काय, प्लायवूड काय आणि दगड काय. खरी गोळी तर खोलीतच नसायची.

त्या दिवशी अश्विनी बंदोबस्ताला गेली होती. काकींनी करंगळी घातली, "खोटी" म्हणाल्या आणि आत गेल्या. मी डबा भरत होते. साडेसातला भिंतीतून "संपलं" ऐकू आलं, म्हणून मी घड्याळ बघितलं, आता निघायला पाहिजे. आणि दोन-तीन मिनिटांनी दणका.

मला वाटलं, कुकर. तशीच धावले. दार उघडंच. जमादार खोलीच्या मधोमध उभे. पिस्तूल टेबलावर, मॅगझीन बाहेर काढलेलं, वरचा भाग मागे ओढून उघडं ठेवलेलं. एवढ्यातही हातांनी आपलं काम बिनचूक केलं होतं. पार्टिशनवरच्या कागदात एक काळं भोक होतं.

"बाई, तुमी बगा," ते म्हणाले. "माझ्यानं बगवंना."

दुसऱ्यानं बघितल्याशिवाय चाप न दाबणारा माणूस, आणि त्याला आत जाऊन बघवत नव्हतं. मी आत गेले.

काकी खाली पाटावर बसल्या होत्या. मांडीवर मेथीची जुडी. डोकं, भुवया, खांदे सगळं पांढरं. समोरच्या फळीवरच्या ज्वारीच्या पिठाच्या डब्याला भोक पडलं होतं आणि पीठ अजून हवेत तरंगत होतं.

"बाई, काय फुटलं वो?" त्या म्हणाल्या. "कुकर तर अजून लावलाच न्हाय." मग एकदम, "ह्येस्नी काय झालं न्हाय न्हवं?"

गुडघे दुखतात म्हणून त्या दिवशी मेथी निवडायला खाली बसल्या होत्या. रोज उभ्यानं, ओट्यापाशी निवडायच्या.

मी बाहेर आले. "काकी बऱ्या आहेत."

"रगात?"

"रक्त नाही. पीठ आहे."

त्यांचा विश्वास बसला नाही. काकी स्वतः पांढऱ्या भुताड्यासारख्या दारात येऊन उभ्या राहिल्या तरी त्यांनी वर बघितलं नाही. भिंतीला टेकून खाली बसले. काय झालं ते तुकड्या-तुकड्यानं सांगितलं. नऊ नेम दहाचे लागले आणि शेवटचा नऊचा. "संपलं" म्हणाले. नळी काढून डबीत ठेवली. गोळ्या आणून मॅगझीन बसवलं. मोबाइल बंद करायला गेले तर तो नऊ दिसला. आयुष्यात शंभर कधी पडले नव्हते. फक्त तो शेवटचा परत मारून बघावा वाटलं. हातानं सवयीनं कॉक केलं, तशी मॅगझीनमधली खरी गोळी आत चढली. हातानं रोखलं. नळी आता आत नाही, हे डोक्यानं सांगायच्या आत बोटानं दाबलं.

मला इतका राग आला की मी ओरडले. "लोकांना शिकवत होता ना? जोडीदाराची गोष्ट सांगत होता ना मला? लाज वाटली पाहिजे जमादार!"

"व्हय," ते म्हणाले.

एवढंच. त्यांनी काहीतरी उलट बोलायला हवं होतं. ते "व्हय" मला आजही झोंबतं. मी तसं बोलायला नको होतं.

काकींनी तासाभरात सगळं झाडून काढलं. "कुणाला कळलं न्हाय," त्या म्हणाल्या. कोल्हापूरच्या बायका बोलतात तशा, पुरुषासारखं. "मी डबा बदलतो, भोकावर कॅलेंडर लावतो. संपला विषय. आश्विनीची निवड म्हैन्यावर आलीया, तिला कोण शिकवणार? गप बसा." मीही तेच म्हटलं. खरं सांगते, मलाही वाटत होतं की मिटवावं. नेमबाजी सोडून त्या माणसाला दुसरं काही येत नव्हतं. ही गोष्ट बाहेर गेली तर लायसन जाणार, रेंज जाणार, पोरी जाणार.

जमादारांनी इस्त्रीचा शर्ट घातला. पिस्तूल फडक्यात बांधलं. भोक पडलेला पिठाचा डबा काखेत मारला आणि रिक्षाला हात केला. एकट्याला सोडवेना, म्हणून मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून बरोबर गेले. रस्ताभर डब्यातून थोडं थोडं पीठ गळत होतं. रिक्षावाला म्हणाला, "काका, गिरण त्या बाजूला हाय."

पोलीस ठाण्यातला साहेब त्यांच्याच हाताखाली शिकलेला निघाला. उठून उभा राहिला, खुर्ची दिली. सगळं ऐकून घेतलं आणि आवाज खाली आणून म्हणाला, "सर, कुणाला लागलं का?"

"न्हाय."

"मग जाऊ द्या की. उगं कशाला कागद वाढवायचा?"

"लागलं न्हाय ह्ये माजं नशीब," जमादार म्हणाले. "तू नशीब लिवू नको. चूक लिव."

साहेबानं लिहून घेतलं. पिस्तूल जमा झालं. डबाही जमा झाला.

पुढे जे व्हायचं ते झालं. लायसन गेलं. रेंजवरच्या लोकांनी फार आदरानं सांगितलं, सर, आता आराम करा. अश्विनी दुसऱ्या दिवशी सातला हजर झाली. जमादार बाहेर रस्त्याकडे तोंड करून खुर्चीत बसलेले.

"सर, चला."

"मला येत न्हाय, पोरी."

"सर, प्लास्टिकचं हाय हे. ह्यानं काय हुणार हाय?"

"माझंबी खोटंच हुतं, बाळ."

आठ दिवस ती रोज आली. तिथे आत एकटीच भिंतीपुढे उभी राहायची, आणि तिला सांगणारं कुणी नाही. मग यायची थांबली. महिन्यानं निकाल सांगायला आली, राखीव खेळाडूंत नाव लागलं होतं. संघात नाही. जमादारांनी मान हलवली. जाताना काकींनी तिला बाजूला घेऊन काहीतरी मागितलं, ते मला नंतर कळलं.

गोळी सुटली त्या दिवसापासून जमादारांनी स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नाही. पाणीसुद्धा बाहेर लागायचं. काकी ताट बाहेर आणून द्यायच्या, ते खाली मान घालून जेवायचे. काकींच्या तोंडाकडे बघायचे नाहीत. बोलायचं ते त्यांच्या पायांकडे बघून. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या, मुलगी चार दिवस येऊन रडून गेली. सत्तरीचा माणूस सहा महिन्यांत ऐंशीचा झाला. मी शाळेत जाता-येता "काय जमादार?" म्हणायचे. "बरं हाय," म्हणायचे. त्यातला एकही शब्द खरा नव्हता.

काकी एकदा माझ्याकडे येऊन बसल्या. कधी रडणारी बाई नाही ती. म्हणाल्या, "मला लागली असती तर एकदाच लागली असती. ह्येनी रोज मारून घेत्यात सवताला. मी जित्ती हाय, ह्ये कसं सांगू त्येस्नी? रोज ताट वाढतोय, तरी पटंना."

मीही त्या दिवशी ओरडलेच होते. सकाळी सातला भिंतीतून आता काहीच ऐकू यायचं नाही. ज्या टिक-टिकीला मी शिव्या दिल्या, तिच्याशिवाय मला जाग येईना आणि दोनदा शाळेला उशीर झाला. मरगळ अशी एका घरातून दुसऱ्या घरात येते, हे मला माहीत नव्हतं.

शेवटी मुलीनं दोघांना पुण्याला न्यायचं ठरवलं. रविवारी गाडी येणार होती. त्यांना मी शेवटचं नीट बघितलं ते त्याच्या दोन दिवस आधी, शुक्रवारी सकाळी. काकींची वाटी परत द्यायला गेले होते. दार उघडं होतं, अर्धं सामान बांधलेलं. मी कट्ट्यावरच थबकले.

काकी खोलीच्या मधोमध उभ्या होत्या. पदर खोचलेला, हातात अश्विनीकडून मागून घेतलेलं ते नारंगी तोंडाचं प्लास्टिकचं पिस्तूल. पळी धरावी तसं दोन्ही हातांनी धरलेलं. रोख पार्टिशनवरच्या कॅलेंडरवर, बरोबर जिथे मागे भोक होतं तिथे. जमादार दाराजवळच्या खुर्चीत, काकींकडे पाठ करून.

काकींनी चाप दाबला. लाल ठिपका छतावर गेला.

"अवो, वर का जातंय ह्ये?"

काकींनी परत दाबला.

"आता पंख्याला लागलं बगा."

काकींनी पदर परत खोचला.

"पंचवीस वरसं नुसती करंगळी घालून घेतलीसा," काकी म्हणाल्या. आवाज चढला होता, आणि त्यात रडू होतं. "धरायला कवा शिकवलं न्हाईसा. परवा पुण्याला गेल्यावर कोण शिकवणार हाय मला?" आणि परत दाबला, कुठेही न बघता.

जमादार उठले. मला वाटलं, आता बाहेर येणार आणि माझ्याशेजारून निघून जाणार. ते वळले. काकींजवळ गेले, त्यांचं मनगट धरलं आणि पिस्तुलाचं तोंड खाली जमिनीकडे केलं.

"थांब," ते म्हणाले.

स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभे राहिले. चौकटीला हात लावला. मग आत गेले. मला पाट सरकवल्याचा आवाज आला, मग डबे हलवल्याचा, मग परड्याच्या दाराची कडी. परड्यातही बघून आले असावेत. काकी जागच्या हलल्या नाहीत. पिस्तूल खाली धरून खांद्याला डोळे पुसत होत्या.

जमादार बाहेर आले.

"आत कोन न्हाय," ते म्हणाले.

"कोन असंल?" काकी म्हणाल्या. "मी हितं हाय की."

त्यांनी मान वर करून काकींच्या तोंडाकडे बघितलं. बघतच राहिले. मी वाटी कट्ट्यावर ठेवली आणि घरी आले.